सिगारच्या पेटीला पाणी

वडिलांबरोबर प्रवास करणं म्हणजे तान्हं बाळ घेऊन प्रवास करण्यासारखं होतं. फरक एवढाच की बाळ कधीतरी मोठं होऊन कामाला लागतं. वडिलांची सिगारची पेटी कधी मोठी झाली नाही. तिला ऊन चालायचं नाही, वारा चालायचा नाही, शेजारी कांद्याची पिशवी चालायची नाही, आणि वेळच्या वेळी पाणी लागायचं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते जंगल खात्यात होते. निजामाच्या अमदानीत, ऐन उमेदीत, इस्लापूरच्या डाकबंगल्यावर उतरणाऱ्या एका बड्या अंमलदाराचं सामान सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. राज्य गेलं, अंमलदारही गेला आणि जाताना ही पेटी दादांना देऊन गेला. बाकीच्या नोकरांना त्याने जुने कोट दिले. त्या कोटांनी त्यांच्या मुलांचे हिवाळे काढले. आमच्या वाट्याला मात्र पेटीची चाकरी आली.

पेटी होती मात्र देखणी. कुठल्याशा परदेशी लाकडाची, वासाची, आतून लाल मखमल. एका कोपऱ्यात पितळी गोल डबी, डबीच्या झाकणाला बारीक भोकं, आत स्पंज. स्पंज ओला असला की सिगार वाळत नाही. शेजारी सिगारचं टोक छाटायचं दोन पात्यांचं हत्यार होतं, अडकित्त्याचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणावा असं. लांब काड्यांची काडेपेटी, राख झटकायला पितळी वाटी. स्पंजावर पाणी थेंबाथेंबानं पडावं म्हणून साहेबाची एक काचेची नळी होती. ती फुटली तेव्हा दादांनी नांदेडच्या बाजारातून तांब्याची पळी आणली, पूजेच्या भांड्यांच्या दुकानातून. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नव्हता, देव्हारा नव्हता. ती पळी तेवढी होती, आणि ती तंबाखूसाठी होती.

साहेबाच्या सिगारी केव्हाच धूर होऊन गेल्या होत्या. पेटीत आता असायचे ते धर्माबादच्या बाजारात मिळणारे जाडे चुट्टे. तेलंगणातल्या बाया ते घरी वळून आणतात आणि स्वतःही बांधावर बसून मजेत ओढतात, त्यांना ना पेटी लागते ना पळी. दादा त्यांना सिगारच म्हणायचे. साहेबाच्या वेळची एकच सोनेरी कागदी अंगठी शिल्लक होती. एक चुट्टा ओढून झाला की दादा ती उतरवून दुसऱ्याला घालत. त्यामुळे पेटीत कायम एक नवरदेव आणि बाकी वऱ्हाडी असत.

आता मूळ गोष्ट. मी नांदेडला एका सरकारी खात्यात कारकून होते. लातूरचा नवा जिल्हा झाला, आमच्या खात्याचं तिथे ऑफिस निघालं आणि मला बढती मिळाली, हेडक्लार्कची. अट एकच, मुदतीत लातूरला हजर व्हायचं. नाही झालं तर बढती यादीतल्या पुढच्या माणसाला. तो पुढचा माणूस माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि रोज सकाळी फार आपुलकीनं विचारायचा, "बाई, मिळाली का खोली?" खोली नव्हती. नांदेडहून रोज जाऊन-येऊन करण्याचं अंतर नव्हतं. खोली मिळाली तर बढती, नाही मिळाली तर ती त्याची, इतकं सरळ होतं.

नवरा हिमायतनगरला मास्तर, वार्षिक परीक्षांमुळे त्याला रजा नव्हती. एकट्या बाईला खोली कोण दाखवणार? म्हणून दादा बरोबर निघाले. आणि दादा निघाले म्हणजे पेटी निघाली.

दुष्काळाचं साल होतं. एसटीतल्या प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली नाहीतर कॅन होता, आणि जो तो आपलं पाणी दप्तरासारखं मांडीवर धरून बसला होता. आमचा कॅन नांदेड सोडतानाच गळायला लागला. लोह्याला गाडी थांबली तेव्हा दादांनी पेटीचं झाकण किलकिलं करून बोट घातलं आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"स्पंज सुकून राहिलाय."

"मीबी सुकून राहिलेय," मी म्हटलं.

हॉटेलवाल्याचा नियम सोपा होता. "च्या घेतला तर पानी. नुस्तं पानी न्हाई." दोन चहा घेतले, तर पाण्याचा ग्लास एकच आला. दादांनी पळी काढली, स्पंजाला थेंब थेंब पाणी पाजलं आणि उरलेला ग्लास माझ्याकडे सरकवला. समोरच्या बाकावरची एक म्हातारी हे सगळं बघत होती.

"औषध हाय काय त्याच्यात, भाऊ?"

"सिगार आहे."

"म्हंजी विडीच ना? तिला मंग पानी कशाला? आग लावायची ना तिला?"

"आधी ओली ठेवायची, मग पेटवायची," दादा म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज साहेबासारखा व्हायचा.

"आमच्या मालकाचं सरन बी आसंच झालं व्हतं," म्हातारी म्हणाली. "भर पावसात गेले. आधी वलं, मंग पेटवायला दिवस गेला."

लातूरला स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो आणि खोल्या बघत फिरायला लागलो. लातूरचे घरमालक फार सभ्य निघाले. नाही असं कोणी म्हणालंच नाही. एकाची खोली कालच गेली होती. एकाचा भाऊ पुण्याहून राहायला येणार होता. एकानं सांगितलं की ही वास्तू तुम्हाला लाभायची नाही, मला तुमचीच काळजी वाटते. कुलपं मात्र सगळ्या खोल्यांवर होती तशीच लटकत होती. प्रश्नांचा क्रम माझ्या लवकरच लक्षात आला. आधी नोकरी विचारायचे, मग खाणंपिणं, मग आडनाव. नोकरीला माना डोलायच्या, खाण्यापिण्याला थोड्या कमी, आणि आडनाव सांगितलं की भाऊ पुण्याहून निघायचा.

दादांचं म्हणणं होतं, "दारातच जय भीम घालत जा. त्यांचा वेळ वाचतो, आपलाबी."

"वेळ त्यांचा वाचेल. खोली मला लागते," मी म्हटलं.

मग कोणीतरी गंजातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडत व्यापाऱ्याचं घर सांगितलं. घराच्या मागच्या अंगाला विहीर होती आणि तिला अजून पाणी होतं. त्यामुळे सगळी गल्ली त्या मालकांशी अदबीनं बोलायची. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढणारं, शिवभक्त घर. त्यांच्यात ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या गळ्यात असतो, चांदीच्या लहानशा डबीत. जेवणाआधी हातपाय धुवायचे, डबीतला देव डाव्या तळहातावर घ्यायचा, त्याला पाणी घालायचं, डोळे मिटायचे. हे मला तेव्हा ठाऊक होतं, कारण नांदेडच्या ऑफिसात आमचा एक सहकारी तसा होता. दादांना ठाऊक नव्हतं. देव या विषयात त्यांनी छप्पन सालानंतर काही नवीन माहिती घेतली नव्हती.

आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती. मालक दुकानात होते. मालकीणबाईंनी ओसरीवर बसवलं. "येऊन राहिलेत ते, बसा. पाणी देऊ?" त्या दिवसांत पाणी आधी विचारून मग द्यायचे.

"थोडंसं द्या," दादा म्हणाले.

तांब्या आला. दादांनी आधी हात धुतले. मग तोंड धुतलं. सिगार दुसऱ्याचा वास पटकन धरते असा साहेबाचा कायदा होता. खांद्यावरचं उपरणं ओसरीवर अंथरलं, त्यावर मांडी घातली, पेटी समोर ठेवून उघडली. पितळी गोल डबी डाव्या तळहातावर घेतली. उजव्या हातात पळी. थेंब, थेंब, थेंब. मग डबी जागेवर ठेवली आणि पेटीवर वाकून, डोळे मिटून, लांब श्वास घेतला. सिगारी नीट मुरल्या की नाही हे वासावरून कळतं म्हणे.

मी सहज मागे पाहिलं. मालकीणबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले होते. दारात मालक आले होते. त्यांनी वहाणा बाहेरच काढल्या आणि मला खुणेनंच सांगितलं की चालू द्या. मग कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पूजेत बोलू न्हाई."

दादांनी डोळे उघडले तेव्हा समोर एक प्रतिष्ठित गृहस्थ अदबीनं उभे होते. पेटीसमोर इतकं अदबीनं उभं राहिलेला माणूस त्यांनी डाकबंगल्यानंतर पाहिला नव्हता.

"स्वामी कुठले?" मालकांनी विचारलं.

"मूळचे इस्लापूरकडले," दादा म्हणाले. स्वामी हा शब्द त्यांनी लातूरची अदब म्हणून घेतला आणि त्यांना तो आवडला.

"हां. तिकडं बी हायेत आपले लोक. पद्धत जरा येगळी आसती." मालकांनी आपल्या शंकेचं उत्तर आपणच दिलं. पेटीत डोकावून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या पूजेत डोकावणं हे त्यांच्यात वाईट समजतात. सभ्यतेनं माणसाचं किती नुकसान होतं हे मी त्या दिवशी शिकले.

मग त्यांनी घराचे नियम सांगितले. "आपल्या घरात दारू न्हाई, मांस-मच्छी न्हाई, तमाखू न्हाई. तुमाला काय सांगायचं म्हना."

"घरात मी कधीच ओढणार नाही. शब्द देतो," दादा म्हणाले.

मालक मनापासून हसले. स्वामी विनोदी आहेत असं त्यांना वाटलं. आडनाव विचारायची पाळीच आली नाही. खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती घेतली. त्यांचे सगळे प्रश्न त्यांच्याच उत्तरांनी भरले होते. मी मध्ये बोलले असते तर भाऊ पुण्याहून निघालाच असता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हजर झाले. दादा परत जायला निघाले, तर मालकांनी त्यांना जाऊ दिलं नाही. "बाईमानूस नव्या गावात. ऱ्हावा थोडे दीस. देवाचा पायगुन लागू द्या घराला." घराला पायगुण लागतो हे ऐकून दादा सुखावले. देव हा शब्द त्यांनी सोडून दिला. लोक बोलण्यात घालतात तो शब्द, असं ते समजले.

पाण्याची वाटणी कडक होती. प्रत्येक भाडेकरूला ठरलेल्या कळश्या, त्यात वशिला नाही. आमच्या कळश्यांशिवाय मात्र रोज पहाटे एक तांब्या वेगळा यायचा. मालकीणबाई विहिरीवर ओलेत्यानं पाणी शेंदायच्या, त्यात बेलाचं पान टाकायच्या आणि तांब्या आमच्या उंबऱ्यावर ठेवून नमस्कार करून जायच्या.

"पान कशाला घालतात पाण्यात?" दादांनी एकदा विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "गार राहत असेल. बघ बाई, मानूस व्यापारी आहे, पण कदर आहे. सिगारला पाणी लागतं हे सांगावंबी लागलं नाही त्याला."

एका बाजूला मालक स्वतःच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, दुसऱ्या बाजूला दादा. मधे मला बोलायला जागाच नव्हती. स्पंजाला लागायचे चार थेंब, उरलेला तांब्या मी डाळीत घालायची. कधी शेजारच्या खोलीतल्या शिलाई करणाऱ्या बाईला द्यायची. तिची जीभ तिच्या सुईपेक्षा धारदार होती.

"आमच्या लेकराला न्हायला पानी न्हाई, आन् तुमच्या देवाला रोजचा तांब्या," ती म्हणायची.

"मग घ्या ना हा."

"देवाचं?"

"उरलेलं."

ती घ्यायची, आणि तांब्या परत देताना टोमणा मारायचीच.

संध्याकाळी दादा पेटीतली एक सिगार, काड्या आणि टोक छाटायचं हत्यार खिशात घालून रेल्वे लायनीकडे फिरायला जात आणि तिथे, घराबाहेर, दिलेला शब्द पाळून ओढत. मालक सगळ्यांना सांगत की स्वामी सांजेला देवळात जातात. परत आले की मालकीणबाई म्हणायच्या, "कसला धूप म्हणायचा हा? उग्र आहे, पण मन शांत करतो."

उन्हाळा वाढला. विहिरीचा तळ दिसायला लागला. गल्लीतल्या बायांनी आपापले देव पाण्यात ठेवले. शेवटी देवळातल्या महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून दार बंद केलं. पाऊस पडेपर्यंत देवाला पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे तोही गुदमरेल आणि काहीतरी करेल, असा हिशेब. ज्या गल्लीत प्यायला पाणी नव्हतं त्या गल्लीतले सगळे देव गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते.

एका शनिवारी संध्याकाळी, दादा फिरायला गेले असताना, मालक आमच्या दाराशी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बाई, एक मागनं हाय. समद्या देवांचं करून झालं. ढग बी येऊन न्हाई राहिला. आता ह्यो पाव्हना देव तेवढा उरला. स्वामींचा देव लई जागृत हाय, कवा चुकत न्हाई त्याचं पानी. सोमवारी त्याला आपल्या हौदात ठिवू. समदी गल्ली येनार हाय. पाऊस पडेस्तोवर ऱ्हाऊ द्या."

"पेटीसकट?" मी विचारलं.

"तुमच्या पद्धतीनं. पेटीसकट म्हनत आसाल तर पेटीसकट."

ते गेले आणि मी बसून विचार केला. सोमवारी गल्लीसमोर पेटी उघडली तर काय होईल हे मला दिसत होतं. शनिवारी चार भिंतींत उघडली तर फक्त खोली जाईल. दुसऱ्या खोल्यांची चौकशी मी आठवड्यापूर्वीच करून ठेवली होती. सगळ्यांचे भाऊ अजून पुण्याहून येतच होते.

दादा आले, उपरणं खुंटीला लावलं.

"दादा, सोमवारी तुमची पेटी हौदात बुडवणार आहेत."

"कोण?"

"मालक. पाऊस पडावा म्हणून."

दादांनी पेटी जवळ ओढली. "सिगार बुडवल्यानं पाऊस पडतो?"

"त्यांना तो देव वाटतो. पहिल्या दिवसापासून."

दादा पेटीकडे बघत राहिले. जणू पेटीनंच त्यांना फसवलं होतं.

"म्हणून स्वामी?"

"हो."

"आन् ते पान?"

"बेलाचं."

"तुला माहीत होतं."

"होतं."

ते खाटेवर बसले. "देव टोपल्यात भरून पैनगंगेत सोडून आलो मी छप्पन साली. तुझी आजी माझ्याशी किती दिवस बोलली नाही. आन् तू मला लातुरात आणून पुजारी केलं?"

"मी कुठे काय केलं? पळी तुमची, पाणी पाजणं तुमचं, डोळे मिटणंबी तुमचंच."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही ओसरीवरच जय भीम घातला असता, आणि मी आज नांदेडला त्या शेजारच्या टेबलवाल्याच्या हाताखाली असते."

"जातो मी. आत्ताच सांगून येतो त्याला. खोली गेली तर गेली."

"खोली माझी आहे," मी म्हटलं. "मीच सांगते."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

पेटी घेऊन मी ओसरीवर गेले. मालक आणि मालकीणबाई दोघंही होते. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवून उघडली. चुट्टे ओळीनं पडले होते, वर सोनेरी अंगठीवाला. मालकांनी वाकून पाहिलं. मग पितळी डबी उचलून झाकण काढलं.

"ह्ये काय हाय?"

"स्पंज."

"आन् ह्ये?"

"सिगार. म्हणजे तंबाखूच."

"मंग रोज पानी कशाला?"

"वाळू नये म्हणून."

मालकीणबाई पायरीवर बसल्या. "मी ओलेत्यानं शेंदत होते हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मालकांनी तिकडे बघितलं नाही.

"आणि आमचं आडनाव तुम्ही विचारलं नव्हतं," असं म्हणून मी ते सांगितलं.

ते ऐकून मालकांनी डबी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. तंबाखूसाठी पुसले की आडनावासाठी, ते मी विचारलं नाही. "उद्याच्याला खोली सोडा," ते म्हणाले.

"सोडते. फक्त सोमवारी गल्लीला काय सांगायचं ते आत्ताच ठरवा. मला कोणी विचारलं तर मी खरंच सांगेन, म्हणून आधी विचारते."

मी हे धमकी म्हणून बोलले नव्हते. ऑफिसात कोणाला काय कळवायचं हे आधी ठरवायची सवय होती, एवढंच. पण मालकीणबाईंच्या ध्यानात ते नवऱ्याच्या आधी आलं.

"गल्ली काय म्हणेल?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तमाखूला तांब्या घातला आपण. बेल घालून."

मालक ओसरीवर येरझारा घालायला लागले. आडतीच्या धंद्यात माणसाची पारख हेच भांडवल असतं. ज्याला चुट्टा आणि महादेव वेगळा ओळखता आला नाही त्याच्याकडे गंजात तुरीचं पोतं पारखायला कोण आणणार होतं?

"बाई, तुमी जाऊ नका," ते शेवटी म्हणाले. "ऱ्हावा तुमी. पर त्यांना आन् पेटीला उद्या सकाळच्या गाडीनं धाडा. देवाला गावाकडनं बोलावणं आलं म्हनू आपन. आडनावाचं बाहेर बोलू नका."

"मी बोलणार नाही. दादांचं मला सांगता येत नाही."

दादा जायला तयार झाले, खोटं बोलायला नाही. "मला कोणी काही विचारू नये, एवढं बघ," ते म्हणाले.

पण मालकांनी रात्रीच देव जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि सकाळी गल्ली निरोपाला जमली होती. हळद, फुलं, एक जाडजूड हार. हार पेटीला घातला. एका म्हाताऱ्यानं वाकून दादांच्या पायाला हात लावला तसे दादा मागे सरले.

"पाया पडू नका. मी देव मानत नाही."

"मोठी मानसं आसंच म्हनत्यात," म्हातारा कौतुकानं म्हणाला.

हे मात्र दादांना सहन झालं नाही. ते ओसरीवरून खाली उतरले, उंबरा ओलांडून गल्लीत उभे राहिले, कारण शब्द घरातला होता. हाराच्या फुलांमधून हात घालून पेटी उघडली, सोनेरी अंगठीवाली सिगार काढली, टोक छाटलं, लांब काडी ओढली आणि शांतपणे पेटवली. धूर वर गेला. बायांनी तो वास ओळखला. रोज संध्याकाळचा धूप.

"ही सिगार आहे," दादा म्हणाले. "पेटीत हेच होतं, रोज." मग त्यांनी आपलं आडनाव सांगितलं, ठणठणीत आवाजात, आणि सगळ्यांना जय भीम घातला.

मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. शिलाईवाल्या बाईनंच तोंड उघडलं.

"मालक, तुमाला ह्ये ठाऊक व्हतं का?"

सगळी तोंडं मालकांकडे वळली. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"ठाऊक?" ते म्हणाले. "पहिल्या दिशीच वळखलं म्या. ओसरीवरच. आमच्या धर्मात मुळात जातपात हायेच कुठं? मानूस बघून खोली देतो म्या."

"आन् तांब्या?"

"पाव्हन्याची वस्तू हाय ती. तिला पानी लागतं. दुष्काळ हाय म्हनून पाव्हन्याच्या वस्तूला पानी द्यायचं न्हाई का?"

"मंग हौदात कशाला बुडवत व्हता?"

"ते तुमी समदे म्हनत व्हता," मालक म्हणाले. "म्या फकस्त मान डोलवत व्हतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याचं बघून आणखी दोघांनी हलवली. मग बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की आपल्यालाही पहिल्या दिवसापासून शंका होतीच. दादांना मी एसटीत बसवून दिलं. हार मांडीवर, पेटी हारावर. सिगार अर्धीच झाली होती. कंडक्टरनं ती विझवायला लावली.

त्या दिवसापासून मालक सुधारक म्हणून गंजात प्रसिद्ध झाले. कुणी नवा अधिकारी आला की त्याला माझ्या खोलीकडे बोट करून सांगत, "आमच्याकडं आसलं काही न्हाई." लातुरातल्या आमच्या समाजाच्या मंडळानं त्यांना एका कार्यक्रमाला बोलावलं आणि शाल दिली. भाषणाचा कागद त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला, आणि चांगला वाचला.

बेलाचा तांब्या बंद झाला, ते योग्यच होतं. माझ्या वाटणीच्या कळश्या मात्र एकही दिवस चुकल्या नाहीत. पूर्वी मालकीणबाई त्या स्वतः आत येऊन माठाशी ठेवायच्या. आता उंबऱ्याबाहेर ठेवायच्या आणि मी उचलून आत घेईपर्यंत लांब उभ्या राहायच्या. मालकांनी जे गल्लीत जाहीर केलं होतं ते घरात कळवायचं राहून गेलं होतं. मला खोली हवी होती, चहाचं आमंत्रण नव्हे. खोली माझ्या ताब्यात होती, बढती कायम झाली होती. मी कळशी आत घेत होते, माठ भरत होते आणि दाराला कुलूप लावून ऑफिसला जात होते. किल्ली माझ्याकडेच असायची.